अर्थाचे वतनदार

सिल्वासात आमलीपासून टोकरखाड्यापर्यंत 'स्पोकन इंग्लिश'च्या पाट्या मोजत कुणी निघाला, तर तो अर्ध्यावरच कंटाळेल. खाली झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्ज, वर क्लास, जिन्यात चपलांचा ढीग. त्यातल्या एका क्लासच्या फळ्यावर रोज 'आजचा शब्द' लिहितात. मी गेलो त्या संध्याकाळी 'सेस्क्विपिडेलियन' होता. ज्याला लांबलचक शब्द वापरायची खोड आहे, तो. मूळ लॅटिनमध्ये अर्थ दीड फुटी; रोमन कवी होरेसने असल्या दीड फुटी शब्दांची दोन हजार वर्षांपूर्वीच टर उडवून ठेवली आहे. सरांनी अर्थातच हे सांगितले नाही. मुलांनी शब्द वहीत उतरवला, खाली वाक्य उतरवले, आणि मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारले, "सर, हा वापरायचा कुठे?" सर म्हणाले, "इंटरव्ह्यूत टाकायचा. समोरचा गार झाला पाहिजे."

इंग्रजी शब्द कशासाठी शिकायचा, याचे इतके प्रामाणिक उत्तर फार थोडे लोक देतात. बाकीचे ज्ञान, प्रगती, जगाची खिडकी वगैरे बोलतात. सरांनी खरे ते सांगून टाकले. आपल्याकडे अवघड इंग्रजी शब्द समोरच्याला काही कळावे म्हणून वापरत नाहीत. समोरच्याला कळू नये आणि त्याने गप्प बसावे, म्हणून वापरतात. माझा आरोप सरांवर नाही. गिऱ्हाईक जे मागते तेच ते विकतात. आरोप गिऱ्हाइकांवर आहे, म्हणजे आपल्यावर.

इंग्रजी शिकू नये असे म्हणणारांपैकी मी नव्हे. सिल्वासाचे अपील मुंबई उच्च न्यायालयात जाते आणि तिथला कारभार इंग्रजीत चालतो. पिपरिया-मसाटच्या कारखान्यांतल्या यंत्रांची माहितीपुस्तके इंग्रजीत येतात. ज्याला इथे राहायचे आहे त्याला ती भाषा हवीच. अनवट शब्दांशीही माझे वैर नाही. मला स्वतःला त्यांचा नाद आहे. २०१८ साली शशी थरूर यांनी आपल्या पुस्तकाच्या जाहिरातीत 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' हा २९ अक्षरांचा शब्द फेकला. एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे, असा त्याचा अर्थ. सगळा देश शब्दकोश चाळू लागला आणि कुणाचे काही बिघडले नाही. त्यांच्या वाचकाच्या खिशात कोश आहे, वेळ आहे, आणि शब्द नाही कळला तर त्याची जमीन जात नाही. तो दोन बरोबरीच्या माणसांचा खेळ आहे. लग्नपत्रिकेवर 'आर.एस.व्ही.पी.' छापून खाली ज्यांना तो फ्रेंच आहे हेही ठाऊक नाही अशा दोन मामांची नावे घालणे, हाही तसाच निरुपद्रवी मूर्खपणा. हसून सोडून द्यावा.

पण समोरच्याच्या खिशात कोश नसतो तेव्हा काय होते, ते पाहा.

खानवेलवरून दुधनीकडे जाणाऱ्या रस्त्याला आत एक पाडा आहे. तिथली एक बाई माझ्याकडे कागद घेऊन आली. "काका, एवढं वाचून द्या." पाच बायकांचा गट, गटाला कर्ज, आठवड्याची मीटिंग, आठवड्याचा हप्ता. आपल्या वाट्याचे सगळे हप्ते तिने फेडले होते, आणि तरीही वसुलीचा माणूस दारात येऊन बसत होता. कागदाची पाने डझनभर, अक्षरे मुंगीएवढी, आणि जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुली मारलेली. पानोपानी फुली आणि फुलीवर तिचा निळा अंगठा. फुल्यांच्या मधल्या भागाशी तिचा कधी संबंधच आला नव्हता. सहाव्या की सातव्या पानावर तो शब्द सापडला: 'जॉइंटली अँड सेव्हरली'.

शेजारचा मुलगा बसला होता. इंग्रजी शाळेत शिकलेला, शब्दसंपत्तीच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलेला. मी त्याला 'सेव्हरली'चा अर्थ विचारला. तो ऐटीत म्हणाला, "कडक, सक्तीने." त्याला 'सिव्हिअरली' वाटले होते. चूक त्याची नाही. हा शब्द त्याला कुणी शिकवलाच नव्हता. 'सेव्हरली' म्हणजे प्रत्येकाने स्वतंत्रपणे. पाच जणींनी मिळून घेतलेले कर्ज पाचही जणी मिळून देणे लागतात, आणि प्रत्येक जणी एकटी संपूर्ण रकमेलाही बांधलेली. धनको पाचांपैकी जी हाताला लागेल तिच्याकडून सगळे पैसे मागू शकतो. गटातल्या दोघी कामाला उंबरगावकडे निघून गेल्या होत्या, एकीचा नवरा वारला होता. हाताला लागली ती ही. मी समजावून सांगितल्यावर तिने एवढेच विचारले, "अंगठा लावताना हे का नाही बोलले?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि कर्ज देणाऱ्यांकडेही नसावे. गटाच्या मीटिंगमध्ये कागद वाचून दाखवणारी मुलगी मराठी बोलणारी होती, चांगली पदवीधर. तिने वाचून दाखवले ते एवढेच: रक्कम किती, हप्ता किती, वार कोणता. अवघड शब्द आला की पान उलटायचे, हे तिला ट्रेनिंगमध्ये शिकवले असेल किंवा नसेलही. न शिकवताही आपल्याला ते येते.

आपण मुलांना 'सेरेंडिपिटी' शिकवतो. होरेस वॉलपोलने १७५४ साली श्रीलंकेच्या जुन्या नावावरून घडवलेला गोड शब्द. अचानक हाती आलेले घबाड. घबाड ज्यांच्या हाती कधी येणार नाही त्यांच्या पोरांना तो पाठ. 'हायपोथिकेशन' मात्र कुठल्याही फळ्यावर मला दिसला नाही, आणि तो नरोली नाक्यावरच्या प्रत्येक टेम्पोवाल्याच्या आर.सी. बुकात छापलेला आहे. गाडी तुझ्या दारात, डिझेल तुझे, पंक्चर तुझे; पण कर्ज फिटेपर्यंत तिच्यावर बोजा वित्तकंपनीचा आणि हप्ते थकले की उचलून नेण्याची वाट मोकळी. टेम्पोवाला त्याला 'एच.पी.' म्हणतो आणि कर्ज फिटल्यावर ती नोंद काढून घ्यावी लागते हे गाडी विकायला काढतो तेव्हा त्याला कळते. 'इंडेम्निफाय' म्हणजे दुसऱ्याचे नुकसान मी भरून देईन. ठेकेदाराच्या कागदावर हा शब्द असला की कुणाचे नुकसान, किती, कशामुळे, हे पुढची चार वाक्ये ठरवतात आणि ती वाचायलाच हवीत. 'वेव्ह' म्हणजे हात हलवणे नाही. आपल्या हक्कावर आपण होऊन पाणी सोडणे. आणि 'फुल अँड फायनल' तर इथल्या प्रत्येक कामगाराच्या तोंडी आहे. काम सुटले, गेटवर बोलावले, पैसे मोजून हातात दिले, कागदावर सही घेतली. कामगाराच्या लेखी त्याचा अर्थ 'हिशेब झाला'. कागदाच्या लेखी अर्थ असा की बोनस, रजेचे पैसे, ओव्हरटाइम, ग्रॅच्युइटी, कशाकशाबद्दल यापुढे माझे काही म्हणणे नाही. 'विदाउट प्रेज्युडिस', म्हणजे माझे बाकीचे हक्क शाबूत ठेवून मी हे पैसे घेतो आहे, एवढे दोन शब्द सहीच्या वर लिहिता येतात हे त्याला कुणी सांगत नाही. अनवट शब्द कसा वापरावा याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही. पण या शब्दाने इंटरव्ह्यूत कुणी गार होत नाही, म्हणून क्लासला तो नको असतो.

सगळ्यात कडू भाग पुढेच आहे. धुळे-नंदुरबारकडून येऊन धाग्याच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या करणारा बाप मुलीला इंग्रजी शाळेत घालतो. फीसाठी कर्ज काढतो. त्या कर्जाचा कागद इंग्रजीत असतो, आणि तो न वाचताच बाप सही करतो. मुलीला इंग्रजी यावे म्हणून बापाने न कळणाऱ्या इंग्रजीखाली सही करायची! चिपळूणकरांच्या नावावर चालत आलेले ते वाघिणीचे दूध पिऊन आपण पिढ्यान्पिढ्या मोठे झालो. गुरगुरायला शिकलो ते मात्र फक्त आपल्याहून दुबळ्यांवर.

शब्दाचा अर्थ हा किरकोळ मामला आहे असे ज्यांना वाटते त्यांनी याच भूमीचा इतिहास काढून पाहावा. २ ऑगस्ट १९५४ रोजी दादरा-नगर हवेलीतले सिल्वासा पोर्तुगिजांपासून मुक्त झाले. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसे त्या मोहिमेत होती, हे आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो. पुढचे सांगत नाही. १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला: दमणहून दादरा-नगर हवेलीत जाण्याचा आमचा वाटेचा हक्क भारताने अडवला. आमचा हक्क कशावरून? तर १७७९ साली पुण्यात झालेला पेशव्यांचा तह, आणि त्यानंतरच्या १७८३ आणि १७८५ च्या सनदा. बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पेशव्यांनी पोर्तुगिजांना दिली होती. दिली म्हणजे काय दिले? राज्य दिले की नुसता महसूल? पोर्तुगिजांचे म्हणणे राज्य. तेव्हा त्या मराठी कागदांतल्या शब्दांची हेगमध्ये छाननी झाली. मराठी दरबार जेव्हा खरोखर राज्य तोडून देत असे तेव्हा कोणते शब्द घालत असे, आणि इथे कोणते घातले आहेत, हे ताडून पाहिले गेले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालय म्हणाले, मराठ्यांनी दिला तो सरंजाम किंवा जहागीर, सार्वभौमत्व नव्हे. पुढे इंग्रजी अमलात पोर्तुगीज सत्तेला जी मूक मान्यता मिळत गेली तिच्यावर न्यायालयाने वेगळा विचार केला, आणि शेवटी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांना वाट होती पण शस्त्रांना आणि फौजेला नव्हती, आणि भारताने १९५४ साली वाट बंद केली त्यात गैर काही केले नाही, असे ठरले. मोतीलाल सेटलवाड भारताची बाजू मांडत होते. भारताच्या वतीने बसलेले न्यायाधीश होते एम. सी. छागला.

म्हणजे एका पेशवाई सनदेतल्या दोन शब्दांसाठी दोन देशांनी वर्षानुवर्षे वकील उभे केले, तज्ज्ञ बोलावले, जगातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने डोळ्यांत तेल घालून ते शब्द वाचले. सरकारच्या कागदातल्या शब्दाला एवढा मान! आणि ज्या गावांसाठी हे झाले त्या गावांतल्या बाईच्या कागदातला एक शब्द तिला वाचून दाखवायला आपल्याला दोन मिनिटे नाहीत.

पोर्तुगीज गेले, पण त्यांचे शब्द गेले नाहीत. 'अल्वारा' हा शब्द इथल्या जुन्या माणसांना विचारा. पोर्तुगीज सरकारने दिलेला जमिनीचा परवाना. मोठमोठ्या जमिनी अशा परवान्यांवर मोजक्या हातांत गेल्या, आणि त्या कसणाऱ्या वारली-कोकण्यांना त्या कागदावर काय लिहिले आहे ते कळण्याचा प्रश्नच नव्हता. कागद पोर्तुगीज भाषेत. १९७१ च्या जमीनसुधारणा विनियमाने ही पद्धत मोडीत काढायला घेतली. काही अल्वारे १९२३ ते १९३० या काळात दिलेले होते. जमीन पडीक ठेवली म्हणून १९७४ साली जिल्हाधिकाऱ्यांनी ते रद्द केले. त्यावर सुरू झालेला तंटा २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात संपला, जिल्हाधिकाऱ्यांचा निर्णय कायम होऊन. पन्नास वर्षे! पोर्तुगालच्या १९१९ च्या शेतीविषयक कायद्यातले एक कलम लावायचे कसे, यावर भारतातल्या न्यायालयांत अर्धे शतक वाद चालला. या पन्नास वर्षांत आदिवासीच्या कानावर त्या कलमाचा अर्थ किती वेळा गेला असेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

न कळणाऱ्या कागदाचा हा धाक आपल्या लोकांनी नेहमीच निमूट सोसला असे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकरी उठले. सावकारांच्या घरांत शिरले, आणि त्यांनी प्रथम शोधले ते दागिने नव्हेत. खते शोधली, हुकूमनामे शोधले, आणि त्यांची होळी केली. आसपासच्या गावांतही तेच. जिथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तिथे त्याच्या केसाला धक्का लागला नाही. निरक्षर माणसाला आपला शत्रू नेमका कुठे राहतो ते ठाऊक होते. इंग्रज सरकारनेही ते ओळखले. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात अशी तरतूद झाली की शेतकऱ्याने करून द्यायचा कर्जरोखा गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, त्याच्या साक्षीने व्हावा, नाहीतर तो ग्राह्य नाही. परक्या सरकारला जे १८७९ साली सुचले ते आपल्याला आपल्या राज्यात, आपल्या माणसांसाठी करावेसे वाटत नाही.

दादरा-नगर हवेलीच्या शिवेला लागून तलासरी. तिथल्या झरी गावी १९४५ साली वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार मोडण्याचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकरांनी ती सगळी हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहून ठेवली आहे. सावकाराच्या चोपडीत काय लिहिले आहे ते न कळता पिढ्यान्पिढ्या राबणारी माणसे त्या पुस्तकात भेटतात. आज चोपडीच्या जागी टॅब आहे. अंगठा तोच, पूर्वी फक्त शाईचा होता, आता बायोमेट्रिकही.

कायदा नाही असे म्हणायची सोय कुणाला नाही. कारखान्यातले स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटी, प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावावेत, हे १९४६ च्या कायद्यात होते. कारखान्यातल्या सूचनांबद्दल १९४८ च्या कारखाना कायद्यातही तेच. आता श्रमसंहिता आल्या. कायदे बदलले, फलक होते तिथेच आहेत. खडोलीच्या वाटेवरच्या कुठल्याही मोठ्या फाटकापाशी उभे राहा आणि आत जाणाऱ्या पाळीतल्या माणसाला विचारा, त्या काचेमागे काय लावले आहे? "कंपनीचं काहीतरी आहे," असे उत्तर येईल. काचेच्या आत इंग्रजी, काचेवर धूळ, आणि शेजारी सेल्फी पॉइंट.

मग गुन्हेगार कोण? बँक, कंपनी, ठेकेदार ही नावे घेणे सोपे आहे. टाळ्याही मिळतात. पण कागद आणि माणूस यांच्या मध्ये नेहमी एक तिसरा असतो, आणि सिल्वासात तो पुष्कळदा मराठी असतो. एच.आर.मधला मराठी साहेब. वकिलाकडचा मराठी कारकून. शाळेतला मराठी मास्तर, ज्याच्याकडे गावकरी फॉर्म भरायला येतात. त्याला शब्दाचा अर्थ ठाऊक असतो किंवा पाच मिनिटांत शोधता येतो, आणि तो म्हणतो, "तुला काय करायचंय, सही कर." या पाच शब्दांत आपल्या सगळ्या सुशिक्षितपणाचे चरित्र आहे. पूर्वी मंत्राचा अर्थ सांगायची सोय नव्हती, कारण अर्थ कळला की भटजींची दक्षिणा आटली असती. मग मोडीचा कागद आला, त्याचा अर्थ कुलकर्ण्याच्या हाती. आता इंग्रजी. लिपी बदलली, धर्म बदलला, राज्ये तीन बदलली. अर्थाचे वतन मात्र आपण सोडले नाही. जातीने ते वतन मिळाले नाही त्यांनी पदवीने मिळवले, आणि मिळाल्यावर तेही तसेच वागू लागले. हे म्हणताना जीभ जड होते, पण खरे आहे: पहिल्या पिढीतला शिकलेला आदिवासी तरुणही पाड्यावर आला की कधी कधी हेच वाक्य बोलतो. आमच्याकडून शिकला तो. दुसरे काय शिकणार?

मराठीत कागद आणला की सुटलो, हाही भ्रम टाकून द्यावा. 'उपरोक्त संदर्भान्वये', 'तद्अनुषंगाने', 'विहित नमुन्यात' असे मराठी ज्या मेजांवर जन्मते तिथे नियत तीच आहे. त्या बाईला 'सेव्हरली' कळले नाही. 'संयुक्तपणे व पृथकपणे' लिहिले असते तर काय उजेड पडला असता? तिला कळले ते असे: "बाकीच्या पळाल्या तर सगळे पैसे तू एकटीने द्यायचे." एवढे वाक्य त्या कागदावर मोठ्या अक्षरांत असते तर तिने अंगठा लावला असता का? बहुधा नसता. म्हणूनच ते तिथे नाही.

जोतीराव फुल्यांना इंग्रजी येत होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन द्यायचे होते तेव्हा त्यांनी ते इंग्रजीत दिले, कारण ऐकणारा इंग्रज होता. पुढच्याच वर्षी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो शेतकऱ्याच्या बोलीत, कारण ऐकणारा शेतकरी होता. आंबेडकरांचे प्रबंध इंग्रजीत आहेत आणि 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत' मराठीत. दोघांनाही समोरच्याला गार करायचे नव्हते. ज्याच्याशी बोलायचे त्याला कळलेच पाहिजे, या हट्टापायी त्यांनी भाषा बदलली. आपण त्यांच्या तसबिरी क्लासच्या भिंतीवर लावतो आणि खाली फळ्यावर दीड फुटी शब्द लिहितो.

आणि ज्यांची ही भाषा त्यांचे काय चालले आहे? दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने अर्नेस्ट गॉवर्स या आपल्याच अधिकाऱ्याकडून कारकुनांसाठी 'प्लेन वर्ड्स' नावाचे पुस्तक लिहवून घेतले. साधे लिहा, हेच त्याचे सार. १९४६ मध्ये जॉर्ज ऑर्वेलने बजावले की जिथे छोटा शब्द पुरतो तिथे मोठा घालू नका, आणि असल्या भाषेआड राजकारणी काय काय लपवतात तेही दाखवले. १९७९ साली ख्रिसी माहेर नावाची लिव्हरपूलची बाई, जिला स्वतःला पौगंडावस्थेपर्यंत वाचता येत नव्हते, लंडनच्या पार्लमेंट चौकात उभी राहिली आणि तिने सरकारी फॉर्मांचे भर चौकात तुकडे केले. तिथून साध्या इंग्रजीची चळवळ सुरू झाली. सुप्याला जाळले, लंडनला फाडले. इंग्रज स्वतःच्या भाषेतले जे कचऱ्यात टाकतो आहे ते आपण फी भरून वेचतो आहोत.

वकील मित्र म्हणतात, अहो, कायद्याचे शब्द शेकडो वर्षांच्या निकालांतून घासून आलेले असतात, ते सोडता येत नाहीत. मान्य. सोडू नका. कागदात 'सेव्हरली' राहू द्या. पण सही घेणाऱ्याने त्याचा अर्थ तोंडाने सांगितलाच पाहिजे, आणि ऐकणाऱ्याने तो आपल्या शब्दांत परत बोलून दाखवला तरच शाईचे पॅड पुढे करावे. यात कायद्याचे काही सांडत नाही. सांडेल ते काही लोकांचे कमिशन.

हे नवे मागणे आहे असेही नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने एक कागद सक्तीचा केला आहे. 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' त्याचे नाव. व्याज आणि सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर किती, वसुलीची पद्धत काय, तक्रार कुणाकडे, हे त्यात लागते. तो कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा, समजावून सांगायला हवा, आणि समजल्याची पोच घ्यायला हवी. आठवडा किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जाला तो हातात दिल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस द्यावे लागतात. म्हणजे फुलीवर लगेच अंगठा लावायची घाई कर्जदाराला नाही. असलीच तर ती समोरच्याला आहे. गटाच्या पुढच्या मीटिंगला ज्या कुणा शिकलेल्या माणसाचे पाय वळतील त्याने एवढा एक कागद मागावा, मराठीत, गुजरातीत, हिंदीत, जी भाषा त्या बाईला कळते त्या भाषेत. नाही म्हणाले तर 'नाही' हे लेखी मागावे, तारीख घालून. आणि मग तीन दिवस घरी बसून तो तिच्याबरोबर ओळीने वाचावा.